डावा कान

तिसरा तास संपल्याची घंटा झाली आणि ब्राह्मीला वाटलं, शेजारच्या शाळेचीही घंटा आज त्याच क्षणी वाजली. फळ्यावरचं समीकरण अर्धवट सोडून ती खिडकीपाशी गेली. शेजारी शाळा नव्हतीच. टिळकवाडीतल्या त्या गल्लीत एका अंगाला दाताचा दवाखाना होता, दुसऱ्या अंगाला अर्धी बांधलेली अपार्टमेंट. पोरं रोजच्यासारखी उठली, बाकं सरकली, डब्यांचा आवाज सुरू झाला. घंटा एकच होती. तिचे सूर मात्र दोन होते. एक ओळखीचा, आणि त्याला चिकटून, जरा खाली उतरलेला दुसरा. एका माणसाच्या दोन सावल्या पडाव्यात तसे. सर्दी असेल, तिनं स्वतःला समजावलं. दिवाळी उलटली की बेळगावची हवा बदलते, निम्मी टीचर्स रूम नाक पुसत होती. तिनं खडू ठेवला, हात झटकले आणि डाव्या कानात करंगळी घालून हलवली. काही निघालं नाही.

संध्याकाळी गावाहून आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे तिचे वडील, बाबगोंडा. निपाणीच्या पुढं त्यांचं गाव. वयाची ऐंशी ओलांडली, तंबाखूचा व्यापार तिच्या धाकट्या भावाकडं गेला, तरी दिवस मावळायच्या आत जेवण उरकून लेकीला फोन करायचा त्यांचा नेम चुकला नव्हता. तिनं सवयीनं फोन डाव्या कानाला लावला. 'जेवलीस काय गं?' आप्पा म्हणाले, आणि त्यांच्या मागं उभा राहून त्यांची नक्कल करणारा एक खवचट माणूसही तेच म्हणाला. ती दचकली. फोन उजव्या कानाला नेला. तिथं आवाज एकच होता, धड होता. पण आप्पांचा वाटेना. लग्न होऊन आल्यापासून आप्पा तिच्या डाव्या कानात राहत आले होते. उजव्या कानात ते पाहुण्यासारखे आले, दारातच उभे राहून उसाच्या तोडीचं बोलले आणि गेले. फोन ठेवल्यावर नवरा, सन्मती, पेपरातून मान वर न करता म्हणाला, 'काय म्हणत होते मामा?' 'काही नाही,' ती म्हणाली. खरंच तिला त्यातलं काही आठवेना.

रविवारी सकाळी तालीम होती. ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोकांना अजून गणपतीतला मांडव आणि सिनेमाची गाणी आठवतात. तिची नणंदसुद्धा विचारायची, 'वहिनी, तुम्ही गाता का त्यात?' हा तसला नव्हता. लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेल्या मष्णूकाकांनी हौशी माणसं गोळा केली होती. कुणी लहानपणी शिकून सोडलेलं, कुणी चाळिशीत हात घातलेला. दोन वकील, एक डोळ्यांचा डॉक्टर, कॉलेजातली पोरं. एका शाळेच्या वरच्या मजल्यावर ही सगळी खुर्च्या ओढून बसत आणि काकांनी स्वतः बांधलेल्या गती वाजवत. ब्राह्मी कॉलेजात असताना हॉस्टेलवर राहून व्हायोलिन शिकली होती. लग्नानंतर ते पेटीत गेलं. मुलगी शिकायला बाहेर पडल्यावर तिनं ती पेटी माळ्यावरून काढली तेव्हा गजाचे केस कसरीनं खाल्ले होते. तेव्हापासून रविवार हा तिचा. पहिल्या व्हायोलिनांत दुसऱ्या स्टँडवर ती बसायची. उजव्या बाजूला पूर्णिमा. पूर्णिमा खानापूरकडच्या खेड्यातली, तहसीलदार कचेरीत नोकरी, पिरनवाडीत भाड्याचं घर. वयानं ब्राह्मीहून पुष्कळ लहान. दोघींत एक स्टँड, एकच कागद. पानं उलटायचं काम आतल्या बाजूच्या ब्राह्मीकडं. इतकी वर्षं शेजारी बसून दोघी फारसं बोलल्या नव्हत्या. पण पूर्णिमा अवघड जागा यायच्या आधी श्वास कसा रोखते, चौथं बोट टेकवताना ओठ कसा दाबते, हे ब्राह्मीला स्वतःच्या नवऱ्याच्या सवयींहून जास्त माहीत होतं.

क्लॅरिनेटवाल्यानं सूर दिला. सगळ्यांनी आपापल्या तारा त्याला मिळवायला घेतल्या. ब्राह्मीला कळेना, दोनांतल्या कुठल्या सुराला मिळवायचं. उजव्या कानात क्लॅरिनेट सरळ उभं होतं. डाव्या खांद्यावरचं तिचं स्वतःचं वाद्य, हनुवटीखालचं, कानाला लागून असलेलं, ते मात्र खाली घसरलेलं ऐकू येत होतं. तिनं खुंटी पिळली. आणखी पिळली. 'आक्का,' पूर्णिमा हळूच म्हणाली, 'तुमची तार चढलीया.' ब्राह्मी हसली. 'सर्दी झालीय गं,' ती म्हणाली आणि पूर्णिमाकडं पाहत, तिच्या मानेच्या हलण्यावरून अंदाज घेत, तार उतरवली. मष्णूकाकांनी काठी आपटली. 'गावला काय सूर समद्यास्नी? चला. आधी कान उघडा, हात आपसूक मागनं येतोय.'

किरवाणी रागातली गत होती. जानेवारीच्या कार्यक्रमात तीच मुख्य. सुरुवातीला खालच्या सुरातली वाद्यं नुसतं धुकं धरतात आणि मग पहिली व्हायोलिनं सगळी मिळून एकच धून घेऊन वर येतात. ब्राह्मी या जागेची आठवडाभर वाट बघायची. कारण तिथं एक गोष्ट घडायची, जी तिनं कुणाला सांगितली नव्हती, सांगता आलीही नसती. धून चढत जाताना एका क्षणी तिला स्वतःचं वाजवणं ऐकू येईनासं व्हायचं. हात चालू, गज चालू, पण आपला आवाज वेगळा काढून दाखवता येणार नाही. तो पूर्णिमाचा असेल, पुढच्या वकिलांचा असेल, सगळ्यांचा. शाळेत ती टीचर, घरात ती वहिनी, आई, कुठंही गेलं तरी आपण म्हणजे आपणच, हे ओझं खांद्यावरून कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं. लहानपणी गावात पंचकल्याण पूजा झाली तेव्हा मिरवणुकीत बँड आला होता. दोन क्लॅरिनेटवाले समोरासमोर तोंड करून तीच चाल वाजवत होते आणि ती, परकर सावरत, नेमकी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली होती. दोन माणसं, दोन वाद्यं, आणि मधे उभं राहिलं तर एकच काहीतरी, जे दोघांपैकी कुणाचंच नव्हतं. आप्पांनी दंडाला धरून ओढून नेलं होतं. तिला वाटतं, तेव्हापासून ती त्या मधल्या जागेकडंच परत चालली होती. आणि आज धून वर आली, तेव्हा सगळी एकीकडं आणि ती एकीकडं. तिला तिचाच आवाज ऐकू येत होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पाव सुरानं उतरलेला, पंक्तीत उष्ट्या हातानं उभ्या राहिलेल्या माणसासारखा. बोटं बरोबर पडत होती हे तिला माहीत होतं. पण जे माहीत आहे त्यावर कान विश्वास ठेवत नाही. तो बोटांना सांगत राहिला, चूक, चूक, वर सरक. आणि बोटं सरकली. पूर्णिमानं पटकन तिच्याकडं पाहिलं.

पुढच्या रविवारी तिनं गजावरचा दाब कमी केला. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी कमी. अशानं निदान कुणाचं बिघडत नव्हतं. मग एकदा धून वर यायच्या जागी तिनं गज तारेपासून केसभर वर उचलला आणि तसाच, हवेत, खालीवर चालवत ठेवला. सगळ्यांबरोबर खाली, सगळ्यांबरोबर वर. वेळेवर पानही उलटलं. मष्णूकाका शेवटी म्हणाले, 'आज बरं झालं. साफ झालं.' ती मान खाली घालून व्हायोलिन पुसत राहिली. ते वाक्य तिला दिवसभर लागत राहिलं. आपण नसताना साफ होतं.

त्या दिवशी परतताना दुसरं रेल्वे गेट म्हणतात ते फाटक बंद होतं. ब्राह्मीची स्कूटर गर्दीत थांबली, शेजारी पूर्णिमाची येऊन लागली. पूर्णिमानं गाडी बंद केली.

'आक्का, एक इचारू? राग मानू नगा.'

'विचार की.'

'तुमचा गज आज तारेला लागला न्हाय.'

रेल्वेचा भोंगा वाजला. दोन सुरांचा असतो, आज चार होते. ब्राह्मीनं डोळे मिटले. डबे धडधडत जाईपर्यंत दोघींना बोलता आलं नाही, आणि तेवढ्या वेळात ब्राह्मीनं तीन-चार खोटी कारणं जुळवून टाकून दिली. 'तुला कसं कळलं?' तिनं शेवटी विचारलं.

'कसं म्हंजे?' पूर्णिमाच्या आवाजात राग होता, आणि रागाच्या खाली दुसरंच काही. 'मी इतकी वर्षं तुमच्या आवाजात लपून वाजवतेय आक्का. माझं जिथं कच्चं हाय तितं तुमी असता म्हणून मी वाजवते. आज वर गेले आणि बाजूला कुणीच न्हाय. माझंच मला ऐकू यायला लागलं. लई भ्या वाटलं.' गेट उघडलं, मागच्यांनी हॉर्न सुरू केले. पूर्णिमा हलली नाही. 'काय झालंय ते सांगा, न्हायतर मी गाडी काढत न्हाय.'

मागं लोक ओरडत असताना, हेल्मेट घातलेल्या अवस्थेत, ब्राह्मीनं पहिल्यांदा ते मोठ्यानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पूर्णिमाच तिला कॅम्पातल्या कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवून डॉक्टरांनी कानांत आवाज सोडले, कागदावर रेघ काढली. उजवी रेघ सपाट. डावी मधूनच खचलेली, पावसाळ्यातल्या बांधासारखी. आतल्या नसेचं आहे, ते म्हणाले. लगेच आला असतात तर औषधाला वाव होता. आता थोडं फार सुधारेल, कदाचित मेंदू जुळवून घेईल, कदाचित नाही. 'बोलणं तर ऐकू येतंय ना नीट?' 'येतं.' 'मग रोजच्या जगण्यात तसा त्रास नाही.' ती बरं म्हणाली. घरी सन्मतीला सांगितलं तेव्हा तो खरोखर हळहळला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, 'एवढं काय मनाला लावून घेतीस. आता निवांत पुढं बसून ऐकत जा की.' तो चांगला माणूस होता. ऐकणं आणि वाजवणं यांच्यामधे केवढं अंतर असतं हे त्याला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

पूर्णिमानं हार मानली नाही. कचेरी सुटल्यावर ती ब्राह्मीला पिरनवाडीला घरी बोलवायची, डाव्या कानात कापसाचा बोळा कोंबायला लावायची आणि समोर बसून हातानं खुणा करायची: वर, खाली, बरोबर. पण व्हायोलिन नुसतं कानानं ऐकू येत नाही. ते हनुवटीच्या हाडातून आत जातं, दातांतून जातं. कापूस भरला तरी तो दुसरा सूर जबड्याच्या वाटेनं चढून यायचाच. बोटं पूर्णिमाच्या तळव्याकडं बघून बरोबर जागी पडायला शिकली. 'जमतंय की आक्का! एकदम बरोबर!' पूर्णिमा आनंदानं म्हणायची. ब्राह्मी मान हलवायची. बरोबर होतं. एखाद्या घराचा पत्ता बरोबर असावा, आणि आत जायला दार नसावं, तसं.

डिसेंबरात ती आप्पांना भेटायला निघाली. तालमीला जाणार नाही असं तिनं पूर्णिमाला कळवलं नव्हतं, नुसतं बसमधे जाऊन बसली. हायवेवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती. संकेश्वरला बस थांबली तेव्हा कारखान्याकडून मळीचा आंबूस गोड वास आला आणि एका ट्रॅक्टरवर लावलेलं गाणं तिच्या डाव्या कानात स्वतःशीच भांडत पुढं निघून गेलं. तिला कळलं की आपण गाण्यांना भिऊ लागलो आहोत. लग्नाच्या हॉलवरून जाताना चाल वाढते, शेजारच्यांचा टीव्ही लागला की खिडकी लावली जाते. असंच करत करत एक दिवस आपण अशी बाई होऊ, जिला गाणं आवडत नाही.

आप्पा सोप्यात पायरीशी ऊन खात बसले होते. 'आलीस व्हय? कुंद्रु, कुंद्रु,' त्यांनी कानडी-मराठीत एकदम बसायला सांगितलं. 'येष्टीनं आलीस? जावई न्हाय आलं?' ती त्यांच्या पायाशी बसली. भावजयीनं चहा आणून दिला. कानाचं तिनं आप्पांना सांगितलं नाही. ते स्वतः निम्मे बहिरे, सांगितलं तर ओरडून सांगावं लागलं असतं, आणि असली गोष्ट गल्लीभर ओरडून सांगण्यासारखी नव्हती. आप्पा थोडा वेळ पाऊसपाण्याचं बोलले, मग बोलणं संपलं आणि डोळे मिटून ते स्वतःशी णमोकार मंत्र पुटपुटू लागले. शब्द कळत नव्हते. छातीतून नुसता खर्जातला घुमारा येत होता, विहिरीच्या तळाशी कुणी घागर बुडवावी तसा. ती डाव्या अंगानं त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली होती. बराच वेळ तिच्या लक्षातच आलं नाही. मग ती ताठ झाली. श्वास थांबवला. उजव्या कानावर हात दाबून धरला.

आवाज एकच होता.

तिनं हात काढला, पुन्हा दाबला. फोनमधून यायचा तेव्हा चिरफळलेला, आणि इथं, छातीतून येताना, अखंड. आप्पांचा आवाज मधेच जरा वर चढला तसा त्याला बारीक तडा गेला. खाली आला, पुन्हा सांधला. म्हणजे खाली अजून सगळं शाबूत होतं. पडझड वरच्या मजल्याची होती. तिला रडू फुटलं, आणि आप्पांनी डोळे उघडून विचारलं, 'काय झालं गं? घरात काय म्हणालं काय कोण?' ती नाही नाही म्हणत राहिली, आणि त्यांना पुन्हा म्हणायला सांगावं कसं ते तिला सुचेना. 'आप्पा, झोप आली मला,' ती लहान मुलीसारखं म्हणाली. 'मग झोप की हितंच,' ते म्हणाले, आणि तिच्या पाठीवर थोपटत पुन्हा सुरू झाले. ती जागी राहून ऐकत राहिली.

पुढच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी गेली. मष्णूकाका एकटेच खुर्च्या मांडत होते. तिनं सगळं सांगितलं, हवेत चालवलेल्या गजासकट. काका एका खुर्चीवर हात ठेवून ऐकत राहिले.

'टीचर,' ते म्हणाले, 'आमच्या बँडात ड्रमच्या म्होरं वीस वर्सं उभी राहिलेली माणसं हुती. निम्मी बहिरी. कोण बोलून दावत न्हाई. मला बी उजव्या कानात सनईगत बारीक वाजतंय कायम, कुणाला ठावं?' मग खुर्ची सरकवत, 'पर त्ये गज उचलून धरलासा त्ये वाईट केलासा. चुकीचं वाजवा. न वाजवता बसू नगा.'

'काका, मला खालचं ऐकू येतं.'

'खालचं म्हंजे?'

कोपऱ्यात डबल बेस, व्हायोलिनच्या जातीतलं सगळ्यात मोठं वाद्य, उभा होता. वाजवणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून त्याच्यावर चादर टाकलेली असायची. ब्राह्मीनं चादर काढली. ते धूड तिच्याहून उंच होतं. तिनं सगळ्यात जाड तार बोटानं ओढून सोडली. जमिनीतून, चपलांतून, पोटऱ्यांतून वर येत तो सूर तिच्या दोन्ही कानांत शिरला आणि मधे एक होऊन थांबला. काकांनी तिचा चेहरा पाहिला. 'हात सोलतील,' ते एवढंच म्हणाले.

हात सोलले. शाळेत खडू धरवेना. व्हायोलिनवर दोन सुरांत बोटाच्या पेराएवढं असलेलं अंतर इथं अख्ख्या पंजाचं होतं; सगळं शिकलेलं विसरून बालवाडीपासून सुरुवात. काकांनी तिच्यासाठी कार्यक्रमापुरती सोपी चाल लिहिली: लांब धरायचे खर्जाचे सूर, आणि त्यांच्यामधे लांब लांब गप्प बसणं. पूर्णिमा पहिल्या दिवशी वळून वळून मागं पाहत होती. तिच्या शेजारी काकांनी कॉलेजातली श्रद्धा नावाची मुलगी आणून बसवली. हुशार, स्वच्छ हाताची. सुट्टीत पूर्णिमा मागं आली, बेसच्या पोटावरून हात फिरवला. 'चांगली वाजवतीय ती,' ती म्हणाली, 'पर श्वास घेतल्यालं कळतच न्हाई तिचं.' 'तू आता लपत नाहीस,' ब्राह्मी म्हणाली. 'लपायला जागा कुटं हाय,' पूर्णिमा म्हणाली आणि हसली, पण लगेच आपल्या खुर्चीकडं गेली.

जानेवारीत कार्यक्रम झाला. हॉल बऱ्यापैकी भरला होता. सन्मती पुढच्या रांगेत, शेजारी नणंद. ब्राह्मी सगळ्यात मागं, उंच स्टुलावर, ते धूड अंगाला टेकवून. शेवटी किरवाणी. खालच्या वाद्यांनी धुकं धरलं. त्यात तिचा सूर होता, तिला तो ऐकू येत होता, एक, सरळ, बरगड्यांना लागून. मग तिची गप्प बसायची जागा आली आणि व्हायोलिनं धून घेऊन वर निघाली. इथून, मागून, तिनं ती कधीच ऐकली नव्हती. वर चढताना प्रत्येक सुराला तिच्या कानात तडा जात होता, दोन दोन सूर एकमेकांना खेटून धावत होते, आणि त्या सगळ्या मोडतोडीतून तिला मूळची धून आठवत होती. आणि ती आठवण ऐकण्याहून स्पष्ट होती. पूर्णिमाची पाठ दिसत होती. अवघड जागा आली तशी ती पाठ ताठ झाली, थांबली, आणि मग सुटली. बेसच्या मानेवर ब्राह्मीचा डावा हात होता. त्याची बोटं हलत होती. जाड तारांवर नुसती टेकत, आवाज न करता, व्हायोलिनच्या मापानं, जवळ जवळ, पहिलं, तिसरं, चौथं, पूर्णिमाच्या बोटांबरोबर.

मष्णूकाकांचं लक्ष गेलं. त्यांना वाटलं, ही आधीच घुसतेय. त्यांनी डावा तळवा तिच्या दिशेनं उभा धरला. थांबा. बोटं जागच्या जागी थिजली. काकांनी तिच्या हाताकडं नीट पाहिलं, तारेवर न टेकलेल्या गजाकडं पाहिलं, आणि तळवा सावकाश खाली घेतला. धून शेवटच्या चढावर आली. बोटं पुन्हा चालू लागली.

मग काकांची काठी तिच्याकडं वळली. तिनं बोटं फाकवली, पंजाभर, बेसच्या मापानं, आणि गज टेकवला. सूर लागला, धरून ठेवायचा होता, तिनं धरून ठेवला. वर धून चालली होती, तिच्याशिवाय, तिच्या अंगावरून.